मौजे माइनक्राफ्ट, तालुका दापोली

१ जून ते ३१ जुलै हे दोन महिने सरकारी हुकमाने मासेमारी बंद असते, आणि त्या काळात हर्णे बंदरात बिनकामाच्या माणसांची संख्या इतकी वाढते की माझ्यासारख्या बारमाही रिकाम्या माणसाला आपले वैशिष्ट्य टिकवणे अवघड होऊन बसते. एरवी पुळणीवर सकाळ-संध्याकाळ मासळीचा लिलाव पुकारला जात असतो, बैलगाड्या पाण्यात शिरून नौकांवरचा माल किनाऱ्याला आणीत असतात, बर्फ, टोपल्या, दलाल आणि कावळे यांची एकच धांदल उडालेली असते, आणि तीत छत्री टेकून उभा असलेला वृद्ध इसम कोणत्या तरी सार्वजनिक जबाबदारीनेच उभा आहे, असा पाहणाराचा ग्रह होण्यास वाव असतो. पावसाळ्यात ही सोय राहत नाही. नौका वर ओढून झापांखाली ठेवलेल्या, सुवर्णदुर्ग सरींच्या पडद्याआड गडप झालेला, आणि घरात साक्षात पत्नी; अशा परिस्थितीत महसूल खात्यात अव्वल कारकुनाच्या हुद्द्याला पोचून सेवानिवृत्त झालेल्या गृहस्थाने दिवस कसा काढावा, यासंबंधी कोणतेही परिपत्रक निघालेले माझ्या पाहण्यात नाही.

ही उणीव माझ्या नातवाने हेरली. मे महिन्यात आंबे आणि समुद्र यांचा यथेच्छ उपभोग घेऊन तो कोथरूडला परतला, तो आपल्या बापाचा जुना लॅपटॉप माझ्या मेजावर ठेवून आणि त्यात माइनक्राफ्ट नावाचा खेळ भरूनच. या खेळाची पूर्वपीठिका मी रीतसर काढली. कारण पूर्वपीठिका वाचल्याशिवाय कोणत्याही प्रकरणाला हात लावायचा नाही, हा माझा सेवाकाळातील नियम होता, आणि त्या नियमामुळे पुष्कळशा प्रकरणांना हात लावण्याची वेळच आली नाही. मार्कस पर्सन नामक स्वीडिश गृहस्थाने हा खेळ २००९ साली प्रथम लोकांपुढे ठेवला, २०११ च्या नोव्हेंबरात तो पूर्णत्वास गेला, २०१४ साली मायक्रोसॉफ्टने त्यांची स्टॉकहोमची कंपनीच अडीच अब्ज डॉलरांना खरेदी केली, आणि २०२३ पर्यंत खेळाच्या तीस कोटींहून अधिक प्रती खपल्या. अडीच अब्ज डॉलरांच्या खरेदीखतावर मुद्रांक शुल्क किती बसेल, याचा हिशेब करण्यात माझी एक संपूर्ण दुपार मोठ्या आनंदात गेली, आणि या खेळातला तेवढाच भाग मला प्रथमदर्शनी जमला, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे.

"आबा, पुरे झाली माहिती. आता आत या," नातू फोनवरून म्हणाला.

"येऊन करायचे काय?"

"काही नाही. जगायचं."

"ते मी येथेही करतोच आहे."

"इथं जरा अवघड आहे."

मी आत गेलो. डोळ्यांपुढे एक हिरवेगार माळरान पसरले. डोंगर चौकोनी, ढग चौकोनी, सूर्यसुद्धा चौकोनी. अवघी सृष्टी एकेक मीटरच्या ठोकळ्यांनी रचलेली. जांभ्याच्या चिऱ्यांच्या प्रदेशात ज्याचा जन्म गेला त्याला याचे विशेष वाटले नाही. विशेष वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे.

"ही जमीन कोणाच्या नावावर आहे?" मी विचारले.

"कोणाच्याच नाही."

"म्हणजे सरकारी पड."

"आबा, इथं सरकारच नाही."

ज्याने उभी हयात सातबाऱ्याच्या रकान्यांत, फेरफारांच्या नोंदींत आणि इतर हक्कांच्या तपशिलात घालवली, त्या माणसाला हे वाक्य ऐकून काय वाटले असेल, याची कल्पना खासगी क्षेत्रातील वाचकांना यावयाची नाही. ना तलाठी, ना सर्कल, ना मामलेदार. क्षितिजापर्यंत जमीनच जमीन, आणि तिला गट क्रमांक नाही! मी काही काळ नुसता उभा राहिलो. तेवढ्यात सूर्य बराच वर आला होता, कारण तेथील अहोरात्र अवघ्या वीस मिनिटांचे असते, ही गोष्ट मला कोणी लेखी कळवली नव्हती.

"उभे राहू नका. झाड तोडा," नातवाने फर्मावले.

"कशाने?"

"मुठीने."

"आणि वृक्षतोडीची परवानगी?"

पलीकडून नुसता सुस्कारा ऐकू आला. येथे हर्ण्याला माडावर चढून नारळ उतरवायला पाडेली मिळावा म्हणून त्याच्या दारी खेटे घालावे लागतात, आणि तेथे मी एक ओकवृक्ष गुद्द्यांनी पाडायला निघालो! खोडाचा खालचा ठोकळा खरोखरच निखळला आणि टुणकन माझ्या झोळीत आला. मात्र वरचे झाड पडले नाही. ते बुंध्यावाचून, मुळांवाचून, हवेत निश्चल उभे राहिले. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात ज्याने आपल्या वाडीतल्या पोफळी काडीसारख्या मोडलेल्या आणि माड मुळासकट उपटलेले पाहिले, आणि मग पंचनाम्यासाठी चिखलात फिरून ते एकेक मोजून दाखवले, त्याला हे अधांतरी झाड पाहून प्रथम आश्चर्य वाटले, आणि मागाहून थोडा रागच आला. या जगात झाडाला आधार लागत नाही, वाळू आणि खडी मात्र आधार काढताच कोसळते. आणि हे मला कळले ते वाळूच्या टेकडीखालून बोगदा काढीत असताना. "अहो आबा, गुदमरलात!" अशी आरोळी पुण्याहून आली, तेव्हा माझा पहिला अवतार समाप्त झालेला होता.

त्या जगातले मरण फारसे गंभीर नाही, पण अत्यंत सार्वजनिक आहे. माणूस धारातीर्थी पडताक्षणी त्याची वार्ता, कारणासहित, सर्व खेळणाऱ्यांच्या पडद्यावर झळकते. आमच्या त्या जगात कोथरूडचा नातू, त्याचे दोन शाळूसोबती, आणि न्यूजर्सीत एडिसन गावी राहणारी माझ्या धाकट्या भावाची नात एवढी मंडळी वावरत असत. म्हणजे मी वाळूखाली गाडला गेलो, मी उंचावरून पडलो, मी पोहताना बुडालो, मी कोंबडीच्या मागे धावता धावता तप्त लाव्हारसात उतरलो, या सर्व निधनवार्ता दोन खंडांत एकाच क्षणी पोचत होत्या. हर्ण्याला मृत्यूची नोंद करायला निदान ग्रामपंचायतीत जावे लागते. तेथे ती आपोआप होते, आणि तिच्याखाली लगेच आप्तांच्या प्रतिक्रिया येतात: "आबा पुन्हा?", "आबा परत??" एडिसनची नात तर केवळ एक हसरे चित्र पाठवी, आणि दुखवट्याचा तो प्रकार मला फार लागे.

याहून लागे ती मालमत्तेची विल्हेवाट. मृताच्या अंगावरचा सगळा जिन्नस जागच्या जागी सांडतो, पाच मिनिटे तसाच पडून राहतो आणि मग नाहीसा होतो. तेवढ्या अवधीत मयताने पुनर्जन्म घेऊन, धावत जाऊन, स्वतःचा वारस स्वतःच व्हावे अशी अपेक्षा असते. मला या वयात धावणे जमत नसे, आणि रस्ता तर मुळीच आठवत नसे.

"आबा, काळजी करू नका, तुमचं सामान मी उचललंय," नातू सांगे.

"अरे, पण वारसनोंद? जाहीर नोटीस? हरकती मागवल्यास का?"

"कोळसा मी वापरला. बाकीचं देतो."

अवजारे करण्याचा विधी स्वतंत्र सांगण्याजोगा आहे. एका ओंडक्याच्या चार फळ्या होतात. चार फळ्या जोडल्या की सुताराचे मेज होते. त्या मेजावरच्या नऊ घरांत तीन फळ्या आणि दोन काठ्या यथास्थान ठेवल्या म्हणजे कुदळ मिळते. सारी मेख त्या 'यथास्थान' शब्दात आहे. मी तीन फळ्या जरा खाली-वर ठेवल्या, तर मेजाने मला चार वाडगे दिले. एकच फळी ठेवली, तर बटण दिले. अंगरख्याचे नव्हे, भिंतीला लावायचे. मी पुन्हा रचना बदलली, पुन्हा वाडगे. जगात रिकाम्या हाताने आलेल्या वृद्धाला समाजाने प्रथम वाडगा द्यावा, तोही आग्रहाने, यात मला एक अप्रिय सूचना दिसली. तथापि रागावण्याचा अधिकार मला नव्हता. योग्य कागद अयोग्य रकान्यात लावलेला असेल तर अर्जदाराला भलतेच काही तरी देऊन वाटेला लावण्याची ही पद्धत मी स्वतः वर्षानुवर्षे पाळली होती. फक्त टेबलाच्या पलीकडल्या बाजूने.

आणि मग रात्र झाली. उजेडाची अवघी दहा मिनिटे. त्यांतली बरीचशी मी चष्मा शोधण्यात घालवलेली. अंधार पडताच चारही दिशांनी प्रेते चालू लागली, सांगाडे धनुष्ये ओढू लागले, आणि नातू ओरडू लागला, "घर नाही ना? मग खड्डा खणा, आत उतरा आणि वरून माती लावून घ्या!"

"जिवंत समाधी घे म्हणतोस?"

"हो! पटकन!"

मी आज्ञा पाळली. पडदा काळाठिक्कर झाला. त्या विवरात, ना मशाल ना अंथरूण अशा अवस्थेत, मी उजाडण्याची वाट पाहत बसलो असता सौभाग्यवती दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, त्या काळ्या पडद्याकडे काय टक लावून बसलाय?"

"रात्र सरायची वाट पाहतो आहे."

"मग झोपा की."

"अंथरूण नाही."

"आत गादी घातली आहे ती कोणासाठी?"

या प्रश्नाला उत्तर देणे शक्य नव्हते, म्हणून मी दिले नाही.

उन्हे येताच प्रेते आणि सांगाडे जळून जातात. एक प्राणी मात्र उन्हाला बधत नाही. त्याचे नाव क्रीपर. हिरवट अंग, हात नाहीत, चेहऱ्यावर जन्मजात विषाद. तो पाऊल न वाजवता माणसाच्या पाठीशी येतो, फुसफुसतो आणि स्वतःसकट सर्वांचा स्फोट करतो. याची जन्मकथा मला नातवाने सांगितली. पर्सन यांना डुक्कर करायचे होते, पण लांबी आणि उंची यांच्या आकड्यांची अदलाबदल झाली, आडवे डुक्कर उभे राहिले, आणि चूक दुरुस्त करण्याऐवजी त्यांनी तिलाच राक्षसपदी कायम केले. हे ऐकून त्या प्राण्याविषयी माझ्या मनात एक वेगळीच आस्था उत्पन्न झाली. लेखनप्रमादातून जन्म घेऊन पुढे कायम झालेल्या कितीतरी गोष्टी मी दफ्तरात पाहिल्या होत्या. त्यांचेही पुढे स्फोटच झाले, फक्त दिवाणी न्यायालयात.

क्रीपर मांजराला भितो, आणि मांजर कच्च्या मासळीने माणसाळते, हे कळताच माझा हर्णेकर अभिमान जागा झाला. आता हा आमचा प्रांत! मी गळ घेऊन तळ्याकाठी बसलो. बंदीच्या मोसमात गळ टाकण्याचे किंचित अपराधी सुखही त्यात होते. पहिल्याने कॉड मिळाला, मग चामड्याचा जुना बूट, मग पुन्हा कॉड, मग एक केंड, जो मी केवळ कुतूहलाने खाल्ला आणि विषाने अर्धमेला झालो. पापलेट नाही, सुरमई नाही, बांगडासुद्धा नाही. अशा समुद्राला समुद्र का म्हणावे, हे मला अद्याप उमगलेले नाही. तरी दोन मांजरे पदरात पडली, आणि मी ती मोठ्या कौतुकाने घरात दाखवली.

"आपल्या ओट्यावर चार-पाच बसलेली असतात," सौभाग्यवती म्हणाल्या. "त्यांनी आजवर कोणाला अडवलं?"

उरलेली मासळी घेऊन मी जवळच्या खेड्यात गेलो. तेथील ग्रामस्थ हात बाह्यांत खुपसून उभे असतात आणि कशालाही 'हंऽऽ' एवढेच उत्तर देतात. त्यांना पाहून मला कार्यालय सोडल्यापासून प्रथमच आपल्या माणसांत आल्यासारखे वाटले. त्यांतला एक पिंपाजवळ उभा राहणारा मासळीवाला पंधरा कॉड घेई आणि एक पाचू देई. ना पुकारा, ना चढाओढ, ना दलालाच्या कानात कुजबूज. काही सौदे झाले की तो व्यवहारच बंद करी आणि पुन्हा पिंपाशी जाऊन उभा राही. हर्ण्याच्या पुळणीवर एखाद्या मासळीवालीने असा एकच भाव धरून तोंड मिटले असते, तर तिला वैद्याकडे नेले असते.

झोपेचा नियम याहून विलक्षण. रात्र टाळायची असेल तर आमच्या जगातल्या झाडून सगळ्यांनी एकाच वेळी अंथरुणात असावे लागे. एक जरी जागा असला तरी रात्र जागच्या जागी. माझ्याकडे संध्याकाळचे सात, एडिसनला सकाळचे साडेनऊ, पुण्याच्या एका शाळूसोबत्याला आई जेवायला बोलावते आहे, आणि तो खेळ चालू ठेवून, आपले पात्र माळावर तसेच उभे करून, ताटावर जाऊन बसलेला. आम्ही सर्व आपापल्या पलंगांवर पडून गणसंख्येची वाट पाहत आहोत, बाहेर प्रेते दार ठोठावीत आहेत, आणि सभा एका सदस्याच्या वरणभातासाठी तहकूब! ग्रामसभेची इतकी हुबेहूब नक्कल स्टॉकहोममध्ये बसून कोणाला कशी साधली, याचे मला नवल वाटे.

मुलांचा मोठा बेत निराळाच होता. २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांत आमचा सुवर्णदुर्गही आहे. तेव्हा तो तळ्यात जसाच्या तसा उभारायचा, असा त्यांनी ठराव केला आणि स्थानिक तज्ज्ञ म्हणून माझी नेमणूक झाली. दगड फोडण्याचे काम मला दिल्यामुळे तज्ज्ञतेला फारसा वाव राहिला नाही. १८०२ साली होळकरांपुढून निघालेल्या दुसऱ्या बाजीरावाला याच दुर्गाने आसरा दिला होता, त्या परंपरेस अनुसरून मीही एका सांगाड्याच्या बाणांपुढून पळत अर्धवट तटाआड शिरलो. माझ्यामागून एक क्रीपरही शिरला. कमोडोर जेम्सला १७५५ साली खरा किल्ला घ्यायला गलबते आणि तोफा आणाव्या लागल्या होत्या. आमच्या पश्चिम तटाचा निकाल दीड सेकंदात लागला.

त्यानंतर माझी रवानगी घरबांधणीकडे झाली, आणि तेथे मात्र मी माझ्या मूळ स्वभावावर आलो. ते जग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहा कोटी मीटर रुंद आहे. त्यात आम्ही सगळे मिळून एखाद्या अंगणाएवढ्या जागेत दाटीवाटीने राहत होतो, आणि मी पहिली गोष्ट केली ती घराभोवती गडगा घालण्याची. छप्पर नव्हते, पण हद्द कायम झाली. मग एडिसनच्या नातीचे कोंबड्यांचे खुराडे माझ्या हद्दीत दोन ठोकळे आले असल्याचे माझ्या निदर्शनास आले.

"आबा, तुम्ही गडगा नंतर बांधला ना?" ती म्हणाली. "कोंबड्या आधीच्या आहेत."

"कोंबड्यांची वहिवाट कायद्याला मंजूर नाही."

"तुम्ही थोडे पलीकडे जा ना. खूप जागा आहे!"

अमेरिकेत वाढलेल्या मुलांना जमिनीचा प्रश्न समजत नाही, तो असा. जागा पुष्कळ आहे म्हणून काय आपली सोडायची? मी पाटी लावायचे ठरवले. त्या जगातल्या पाटीवर चारच ओळी बसतात, आणि ओळीही तोकड्या. ज्याची साधी रजेची चिठ्ठीदेखील पाठपोट कागद भरल्याखेरीज संपत नसे, त्याच्यावर हा कठोर प्रसंग होता. शेवटी पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस, अशी चतुःसीमा चार ओळींत चपखल बसली. मालकाच्या नावाला मात्र जागा उरली नाही.

ती पाटी वाचली आमच्या शेजाऱ्यांनी. शेजारी म्हणजे हर्ण्याचे, हाडामांसाचे. ज्यांच्या आणि माझ्या वाडीमधला गडगा इतकी वर्षे न्यायप्रविष्ट आहे की त्यावर उगवलेली जास्वंदही आता पक्षकार समजली जाते. मे महिन्यात त्यांचा डोंबिवलीचा नातू माझ्या नातवाबरोबर पोहायला जात असे, आणि त्या मैत्रीतून त्याने आपल्या आजोबांनाही त्याच जगात दाखल करून दिले होते, हे मला ठाऊक नव्हते. सहा कोटी मीटरांतून त्यांनी निवडलेली जागा माझ्या गडग्याला लागून होती.

बंदीच्या शेवटच्या दिवशी, भर पावसात, ते छत्री मिटवीत ओट्यावर चढले. हातात दोन प्रतींत अर्ज.

"भाऊसाहेब, तुमचा आतला गडगा माझ्या जागेत एक मीटर आला आहे."

"तुमची जागा? त्या जगात सातबाराच नाही!"

"म्हणूनच ताबा महत्त्वाचा. १ जूनला नातवाने तिथं माझा पलंग टाकला. तेव्हापासून विनाहरकत वहिवाट आहे."

"दोन महिन्यांची वहिवाट?"

"तिथला दिवस वीस मिनिटांचा. आपल्या एका दिवसात तिथले बहात्तर. एकसष्ट दिवसांचे झाले ४,३९२. बारा वर्षांना ४,३८३ पुरतात." त्यांनी छत्रीचे टोक फरशीवर टेकले. "१९६३ चा मुदतीचा कायदा. बारा वर्षे. वर नऊ दिवस शिल्लक."

मी पेन्सिलीने गुणाकार केला. तो बरोबर होता. मुले ते जग अहोरात्र चालू ठेवतात, त्यामुळे खंड पडल्याचा मुद्दाही उरत नव्हता. इतके निर्दोष प्रकरण माझ्या टेबलावर सबंध नोकरीत आले नव्हते, आणि आले तेव्हा टेबल नव्हते. जुन्या सवयीने मी त्यांच्या प्रतीवर 'पोचली' असे लिहून तारीख घातली, सही केली, आणि वर आवक क्रमांक १ टाकला. तो क्रमांक पाहताच इतक्या वर्षांत प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. ते खुर्चीवर टेकले. आतून चहा आला. तो अर्धा झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणला.

"भाऊसाहेब, एक विचारू? माझ्या घरात फार अंधार आहे. प्रेते आतच निपजतात. मशाल कशी करायची?"

एक काठी आणि एक कोळसा, एवढेच उत्तर होते.

"त्यासाठी," मी म्हणालो, "स्वतंत्र अर्ज करावा लागेल."